मागच्या दारचा काळतोंड्या

बसा निवांत. गेलेली वीज काही लगेच यायची नाही, आणि अशा अंधारात सांगायला माझ्याकडे ही एकच गोष्ट आहे. लोक म्हणतात, भुताची आहे. असेल. मला ती आठवली की आधी हसू येतं. भीती वाटते ती नंतर, जेवून हात धुताना.

तर साल दोन हजार, वैशाखातला एक शनिवार. आमच्या कोथरुडात, टेकडीच्या पायथ्याशी राहणारे रंगराव खळदकर संध्याकाळी बल्ब आणायला निघाले. साधा साठचा बल्ब. मागच्या ओट्यावरचा दिवा गेला त्याला बरेच महिने झाले होते. तो बदलायचं रंगराव टाळत आले होते, कारण बल्ब लावायचा म्हणजे ओट्यावर जायचं, आणि ओट्यावर जायचं म्हणजे... सांगतो, तेही सांगतो.

आधी माणूस ओळखून घ्या. रंगराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवताना 'प्या, खडकवासल्याचं आहे, आम्हीच सोडलेलं' असं म्हणायची खोड. माणूस ताठ; एकदा शब्द गेला की गेला. फाटकावर स्वतःच्या अक्षरात पाटी रंगवलेली : 'कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी बेल वाजवू नये. या घरात शिकण्यासारखे कोणी उरलेले नाही.' असा हा गडी जगात दोनच गोष्टींना टरकायचा. एक, बायकोचं गप्प बसणं. दुसरी, साप. दिवेलागणीनंतर तर तो शब्दही घरात कुणाला उच्चारू द्यायचे नाहीत. जनावर म्हणा, लांबडं म्हणा, पण ते नाव नको.

आणि घर कुठे? तर वेताळटेकडीला अगदी टेकून. वर वेताळाचं देऊळ, खाली दाट झाडी. तिथून काय गुलाबाची फुलं उतरून येणार आहेत? काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्यांच्या बायकोच्या, मुक्ताईंच्या तुळशीच्या कुंडीत एक जनावर निघालं. रंगराव स्टुलावर चढले ते चढलेच. सर्पमित्राला फोन केला, तर आली कॉलेजातली एक मुलगी, स्कूटीवर. तिने ते बोटाएवढ्या जाडीचं किरडू सरळ तळहातावर घेतलं. अंग तपकिरी, डोकं आणि मान तेवढी काजळ फासल्यासारखी काळी. हा काळतोंड्या, ती म्हणाली. रानातला आहे, लाजाळू आहे, विष नावाला नाही. सापसुरळ्या खातो. ही मादी दिसतेय, अंडी घालायला ओली जागा शोधत आली असेल. राहू द्या की, आजोबा.

"तुमच्या घरी न्या आणि राहू द्या," रंगराव स्टुलावरूनच म्हणाले.

मुलीने पिशवीत घालून नेल्यासारखं केलं. फाटकाबाहेरून मुक्ताईंनी तिला मागच्या बोळात बोलावलं आणि ते किरडू परत तुळशीत सोडायला लावलं. बाळंतपणाला आलेल्या बाईला हाकलायचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. आता सांगा, काय बोलणार?

त्याच पावसाळ्यात घरात वीज पडली. एकुलता एक मुलगा योगेश, त्याने बँकेतली कायमची नोकरी कुणाला न विचारता सोडली आणि एका कॉम्प्युटर कंपनीत जाऊन बसला. वर तिथल्याच अपेक्षा नावाच्या अकोल्याच्या मुलीशी रजिस्टर लग्न लावून, पेढे घेऊन दारात उभा राहिला. रंगरावांनी पेढ्यांकडे पाहिलं नाही की सुनेकडे पाहिलं नाही. "जा, तोंड काळं कर," ते म्हणाले, "आणि पुन्हा या दारात दिसू नकोस."

योगेश गेला. मुक्ताई चार दिवस गप्प बसल्या. रंगरावांचा जीव कासावीस झाला, पण शब्द मागे घेतील तर ते रंगराव कसले. पाचव्या दिवशी मुक्ताई बोलल्या. दिवेलागणीची वेळ होती. मागच्या ओट्यावरून त्यांचा आवाज आला, "अहो, काळतोंड्या आलाय. इकडे येऊ नका हं."

रंगराव पाय वर घेऊन कोचावर बसले.

तेव्हापासून हे सुरू झालं. दर थोड्या दिवसांनी काळतोंड्या यायचा, आणि गंमत म्हणजे यायचा तो शनिवारीच. रंगराव चिडून म्हणायचे, याला काय पाच दिवसांचा आठवडा आहे? मुक्ताई पदर तोंडाला लावायच्या. शनिवारी घरात भरली वांगी व्हायची, चांगली पातेलंभर. दोन माणसांना एवढी कशाला, असं विचारलं की, उरली तर जनावरांना घालीन म्हणायच्या. तुमच्या लक्षात आलं असेल. रंगरावांच्या नाही आलं. भ्यालेल्या माणसाची अक्कल गुडघ्यात असते, आणि गुडघे तर त्यांनी कोचावर पोटाशी घेतलेले.

वांग्यांवरून आठवलं. रंगरावांना रक्तदाब, म्हणून डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. मुक्ताईंचा हात त्या बाबतीत दगडाचा. रंगराव रोज पानावर कुरकुरायचे, रोज तेच उत्तर मिळायचं : "इथे नाही मिळायचं. मी आधी वर जाते, मग तुम्ही या, तिथे घालते हवं तेवढं." आणि दोघं हसायचे.

त्या खरंच आधी गेल्या, आदल्या दसऱ्याच्या सुमारास. दवाखान्यात शेवटी शेवटी रंगरावांचा हात धरून एवढंच म्हणाल्या, "त्याला आता पुढच्या दाराने घ्या हो. मागच्या दाराने नको." रंगरावांना वाटलं, तापात बरळतेय. योगेश आला, सगळं केलं, आणि तेराव्याच्या संध्याकाळी चप्पल पायात घालून उंबऱ्याशी उगीच उभा राहिला. एक शब्द हवा होता त्याला. रंगराव छताचा पंखा बघत बसले. पोरगा गेला.

मग घर सुनं झालं. खानावळीचा डबा यायचा. चहापुरती विजेची शेगडी. गॅसचा सिलिंडर मार्चात संपला, तो त्यांनी पुन्हा मागवलाही नाही. स्वयंपाकघरात जायचंच कशाला?

पण शनिवार आला की काहीतरी व्हायचं. दिवेलागणीला मागून फोडणीचा वास यायचा. हिंग, जिरं, कांदा-लसूण मसाला. शेजारी कुणी तरी करत असेल म्हणावं, तर शेजारचं घर बंद, मंडळी पुण्याबाहेर. मग ताटाचा बारीक आवाज. मग बराच वेळ काही नाही. आणि मग, अगदी हलक्या आवाजात, कुणी ओट्यावर वाकून बोलावं तसं...

"अहो... काळतोंड्या आलाय."

पहिल्यांदा रंगरावांनी टीव्ही मोठा केला. दुसऱ्यांदा देवापुढे दिवा लावला. त्यानंतर शनिवारी दिवेलागणीला त्यांनी स्वयंपाकघराचं दार पुढून लावून घ्यायला सुरुवात केली. सकाळी खिडकीतून पाहावं तर तुळस हिरवीगार, कुंडीतली माती ओली. त्यांनी तर महिन्यामहिन्यात पाणी घातलं नव्हतं. कुणाला सांगणार? पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि पाणी कोण सोडतंय ते ठाऊक नाही!

तर त्या वैशाखातल्या शनिवारी रंगराव बल्ब घेऊन दुकानाच्या पायरीवरून उतरत होते, तेवढ्यात दीनानाथ भेटले. दीनानाथ म्हणजे त्याच गल्लीतले, पोस्टातून निवृत्त झालेले. पोस्ट सुटलं पण बातम्या पोचवणं सुटलं नाही. त्यांनी विचारलं, मग उद्या योगेशला सोडायला मुंबईला जाणार ना विमानतळावर?

"कशाला?" रंगराव म्हणाले.

"अहो, अमेरिकेला निघालाय ना तो, बायकोला घेऊन. दोन-तीन वर्षं तरी येत नाही म्हणे. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," रंगराव म्हणाले, आणि घराकडे वळले.

घरी येऊन ते अंधार पडेपर्यंत कोचावर बसून राहिले. दिवा लावायलाही उठले नाहीत. पोरगा उद्या जाणार. दोन-तीन वर्षं. आपलं वय काय, रक्तदाब काय. फोन करावा, तर नंबर नाही. दीनानाथांकडे मागावा, तर 'ठाऊक आहे' म्हटलेलं खोटं पडतं. ताठ माणसाचे हाल कुत्रा खात नाही, ते असे.

आणि वीज गेली. समोरच्या टेकडीवर एक टिटवी ओरडत गेली, मग सगळं गप्प झालं. त्या दिवशी शनिवार आहे हे रंगराव विसरले होते, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार उघडंच राहिलं होतं. त्या दारातून आधी वास आला. मग ताटाचा आवाज.

"अहो..."

रंगरावांनी कोचाचा हात घट्ट धरला.

"अहो... काळतोंड्या आलाय."

एवढ्यावर थांबायचं, नेहमी तसंच व्हायचं. पण आवाज थांबला नाही. अगदी कानाशी आल्यासारखा पुन्हा आला, "या वेळी... याच तुम्ही इकडे."

आता काय सांगू तुम्हाला! पाय आपोआप उठले. बायकोने एवढ्या वर्षांत 'येऊ नका' म्हटलं, आज पहिल्यांदा 'या' म्हणाली. कसं बसून राहणार? रंगरावांनी उशाची बॅटरी घेतली. बल्ब लेंग्याच्या खिशातच होता. काळोखातून चाचपडत ते स्वयंपाकघरात गेले. आत उबारा होता, माणसांनी भरलेल्या स्वयंपाकघरात असतो तसा. मागचं दार सताड उघडं. त्याला तर त्यांनी स्वतः कडी घातलेली.

बाहेर ओट्याच्या पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून, कोणीतरी बसलं होतं. मान खाली. हात तोंडाकडे जाई, परत खाली येई. जेवत होतं ते.

रंगरावांनी बॅटरी लावली, पण उजेड त्या पाठीवर पडायच्या आधी उंबऱ्यावर पडला. आणि उंबऱ्यावर ते होतं. तपकिरी, वीतभराहून थोडं लांब, काळं डोकं किंचित उचललेलं. खरंखुरं. ते दार अडवून पडलं होतं आणि रंगरावांच्या अंगठ्याकडे बघत होतं.

पायरीवरच्या माणसाने उजेडाने मान वळवली. योगेश होता तो. हातातला घास तसाच.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "हलू नका... तुमच्या पायाशी..."

"दिसतंय मला," रंगराव म्हणाले.

आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. मागे कोच होता, बारा महिने तेरा त्रिकाळ बसायची हक्काची जागा. पुढे पोरगा होता. मध्ये काळतोंड्या. रंगरावांनी डोळे मिटले, लेंगा वर धरला, 'मुक्ते, सांभाळ गं' म्हणाले आणि उंबरा ओलांडला. ओलांडला म्हणजे उडीच मारली, आणि पायरीवर योगेशच्या अंगावर जाऊन पडले. दोघं धडपडले, ताट खणकन वाजलं. ते बिचारं जनावर, एवढा धिंगाणा बघून, सरसर तुळशीच्या कुंडीमागे गेलं.

रंगरावांनी पोराला जे धरलं ते सोडेनात. रडत होते की हसत होते, त्यांचं त्यांना ठाऊक. योगेशला बापाने याआधी कवेत कधी घेतलं होतं ते आठवेना. त्याने उष्टा हात लांब धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांची पाठ थोपटत राहिला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या सगळ्या वर्षांत दर शनिवारी योगेश बोळातून मागच्या दारी यायचा, आणि मुक्ताई त्याला याच पायरीवर जेवू घालायच्या. आधी पुढच्या खोलीत वर्दी द्यायच्या, मग वाढायला बसायच्या. योगेश म्हणायचा, आई, बाबांशी खोटं कशाला बोलतेस? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं : मी कुठे खोटं बोलते? तोंड काळं कर असं कोण म्हणालं होतं? त्यांनीच नाव ठेवलंय, मी नुसतं आल्याचं सांगते.

रंगरावांनी कपाळावर हात मारला. मग त्यांच्या पोटातून असं हसू फुटलं की शेजारच्या बंद घराच्या वळचणीतले पारवे उडाले. पाच दिवसांचा आठवडा! जनावरांना घालीन! अरे, ही बाई मला दर शनिवारी कोचावर बसवून... हसता हसता त्यांना उचकी लागली.

"पाणी प्या," योगेश म्हणाला, आणि मग नजर चुकवून, "बाबा, खरं म्हणजे मी आज आभार मानायला आलो होतो. समोर यायचा धीर होत नव्हता. आई गेल्यावर तुळशीला पाणी घालायला म्हणून आलो, तर पान वाढून ठेवलेलं. मग दर शनिवारी. मला कळलं, तुम्ही बोलणार नाही, पण वाढाल. मी जेवायचो, ताट धुऊन उपडं घालून जायचो. तेवढ्यावर दिवस काढले हो मी."

रंगरावांची उचकी थांबली. त्यांनी बॅटरी ताटाकडे वळवली. वरण-भात, लिंबाची फोड, भरलं वांगं. वांग्यातून अजून वाफ येत होती.

"तुला मघाशी आतून... आवाज आला?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

रंगरावांनी बॅटरी ताटावरून बाजूला घेतली. मग बायकोकडून शिकलेली पहिली गोष्ट त्यांनी केली. "काही नाही," ते म्हणाले, "वांगी जमतात का मला?"

"मीठ आईसारखंच कमी," योगेश म्हणाला. "पण जमतात."

मग रंगरावांनी विचारलं, सूनबाई कुठाय? ती बोळाच्या तोंडाशी स्कूटरपाशी उभी होती. रंगराव स्वतः गेले, अंधारात चाचपडत, तिच्यापुढे उभे राहिले, आणि एवढ्या वर्षांचं भांडण एका वाक्यात मिटवलं : "चला आत. पुढच्या दाराने."

अपेक्षा वऱ्हाडातली, मोकळी. सासऱ्याला नमस्कार केला, रुसवा-फुगवा काही नाही. जेवायचं काय ते बघते म्हणून मेणबत्ती घेऊन थेट स्वयंपाकघरात. आतून तिचा आवाज आला, "अगं बाई, बाबा, एवढं सगळं करून ठेवलंत? कुकर तर अजून गरम आहे!" योगेश तोवर स्टुलावर चढून, बापाच्या खिशात त्या धडपडीतही शाबूत राहिलेला बल्ब मागच्या ओट्यावर बसवत होता. त्याने फिरवला आणि वीज आली. ओटा लख्ख झाला. कुंडीच्या मागे, ओल्या पाचोळ्यात, दोन लांबट पांढरी अंडी होती.

तिघं पुढच्या खोलीत खाली बसून जेवले. रंगरावांनी विमानाचं विचारलं, थंडीचं विचारलं, कॉम्प्युटरमध्ये नेमकं करतात काय तेही विचारलं, आणि सांगितलेलं काही न कळूनही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते मुंबईपर्यंत सोडायला गेले. येताना गाडीत खिडकीशी बसून एकटेच हसत होते, असं दीनानाथांनी आम्हाला सांगितलं. तेही गेले होते, न बोलावता.

सोमवारी रंगरावांनी पाटी उतरवली. मग स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या ओट्याखालचा सिलिंडर हलवून पाहिला. मार्चपासून रिकामाच होता तो, एका हाताने उचलला गेला. त्यांनी तो परत जागेवर ठेवला आणि तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही.

मला पुढे सांगितलं, त्यानंतरच्या शनिवारच्या हकिगतीसकट. दिवेलागणीला ते मुद्दाम कोचावर जाऊन बसले. पोरगा सातासमुद्रापलीकडे, आता कोण यायचंय? तरी फोडणीचा वास आला. ताट वाजलं. आणि मुक्ताईंचा आवाज आला, हसू दाबल्यासारखा.

"अहो काळतोंड्या... या की."

रंगराव म्हणाले, मला आधी राग आला, मग कळलं, बरोबरच आहे तिचं. त्या घरात तोंड काळं करण्यासारखं कुणी वागलं असेल तर मीच. ते उठले. ओट्यावरचा दिवा जळत होता. तुळशीपाशी अंडी होती तशीच होती. पायरीवर पान वाढलेलं होतं, झाकून. त्यांनी पायरीवर बैठक मारली, झाकण काढलं आणि भरल्या वांग्याचा पहिला घास घेतला.

मीठ या वेळी कमी नव्हतं. 'तिथे घालते' म्हणायच्या ना मुक्ताई, तसं हवं तेवढं.

रंगरावांनी सगळं पान चाटून पुसून खाल्लं, उठून हात धुतले, आणि ताट धुऊन उपडं घातलं.